कारणांसह लेखी : मानसिक आजार, दिव्यांगत्वाची टक्केवारी आणि अपिलाचा हक्क

मानसिक आजाराने दीर्घकाळ ग्रासलेल्या व्यक्तीला दिव्यांगांसाठीची कोणतीही सोय मिळवायची असेल, मग ते संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे दरमहा अनुदान असो, ग्रामपंचायतीच्या पाच टक्के निधीतील वाटा असो, एसटीच्या भाड्यातील सवलत असो की सरकारी नोकरीतील राखीव जागा असो, तिला प्रथम वैद्यकीय मंडळाचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र दाखवावे लागते. नाशिक जिल्ह्याचे तालुके पंधरा आहेत. सुरगाणा किंवा पेठसारख्या तालुक्यातून जिल्ह्याच्या ठिकाणी येऊन तपासणी करून घ्यायची म्हणजे घरातल्या किमान दोन माणसांचा रोज बुडतो, आणि त्यातले एक माणूस गर्दीला, रांगेला आणि अनोळखी प्रश्नांना बिचकणारे असते. अर्ज फेटाळल्याचे पत्र पुढे तहसील कार्यालयातून येते, त्यामुळे कुटुंबाचा राग तहसीलदारावर निघतो; तथापि निर्णयाचे मूळ बहुतेक वेळा बोर्डाच्या त्या टेबलावर असते, जेथे काही मिनिटांत एका माणसाच्या अनेक वर्षांच्या आजाराला एक आकडा दिला जातो. हा आकडा कसा निघतो, तो चुकतो कोठे आणि चुकल्यास त्याला आव्हान कसे द्यावे, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय असून, आकड्याशी वाद घालण्याआधी त्यामागची कारणे लेखी मागून घ्यावीत, हे त्यातील मुख्य प्रतिपादन आहे.

कायद्याचा इतिहास येथे थोडक्यात पुरेसा आहे. १९९५च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने सात प्रकारांच्या अपंगत्वात मानसिक आजाराचा समावेश केला, पण त्याच कायद्याने ठेवलेल्या तीन टक्के नोकऱ्यांच्या आरक्षणात अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग यांनाच वाटा दिला; म्हणजे मानसिक रुग्णाचे नाव यादीत आले, पान मात्र त्याच्यापुढे मांडले गेले नाही. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला संमती दिली आणि त्या कराराला अनुसरून दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यात दिव्यांगत्वाचे प्रकार एकवीस झाले, आरक्षण चार टक्के झाले आणि त्यातील एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासाठी ठेवण्यात आला. ज्याचे दिव्यांगत्व चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक असल्याचे प्रमाणित झाले आहे, त्याला हा कायदा लक्षणीय दिव्यांगत्व असलेली व्यक्ती म्हणतो, आणि बहुतेक लाभांची दारे या चाळीसच्या आकड्यावरच उघडतात किंवा बंद होतात.

मानसिक आजार आणि बौद्धिक दिव्यांगत्व यांची सरमिसळ हा कागदोपत्री चुकांचा एक मोठा उगम असल्याने येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. बौद्धिक दिव्यांगत्व, ज्याला पूर्वी मतिमंदत्व म्हणत, हे वाढीच्या वयात दिसून येते आणि त्यात आकलनाची व दैनंदिन कौशल्यांची मर्यादा असते; मानसिक आजार हा विचार, मनःस्थिती, संवेदन, भान किंवा स्मृती यांचा असा गंभीर विकार आहे की त्यामुळे निर्णयशक्ती, वर्तन किंवा रोजच्या जगण्याच्या साध्या मागण्या पुऱ्या करण्याची क्षमता बिघडते. छिन्नमनस्कता म्हणजे स्किझोफ्रेनिया, द्विध्रुवीय विकार म्हणजे बायपोलर, तीव्र स्वरूपाचे नैराश्य हे या दुसऱ्या गटातले. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ हा पहिल्या गटाला लागू होतो आणि दुसऱ्याला होत नाही, त्यामुळे त्या न्यासाच्या निरामय आरोग्य विम्यासाठी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाने केलेला अर्ज नामंजूर झाला तर तो अन्याय नसून अर्जच चुकीच्या दाराशी गेलेला असतो. उलट प्रमाणपत्रावरच प्रकार चुकीचा लिहिला गेला असेल, तर टक्केवारी बरोबर असूनही पुढची सगळी साखळी बिघडते आणि ती चूक दुरुस्त करून घेणे हे अपिलाइतकेच तातडीचे ठरते.

आता मोजमापाकडे वळावे. मानसिक आजारातून येणारे दिव्यांगत्व मोजण्यासाठी भारतात जी मोजपट्टी वापरतात तिचे नाव इंग्रजी आद्याक्षरांवरून आयडियाज असे पडले असून, भारतीय मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या पुनर्वसन समितीने ती तयार केली, केंद्र शासनाने २००२ मध्ये ती राजपत्रातून स्वीकारली आणि २०१८च्या मार्गदर्शक सूचनांतही ती कायम राहिली. ही पट्टी आजाराचे नाव मोजत नाही. आजारामुळे माणसाचे जगणे किती अडले ते मोजते. त्यासाठी ती चार क्षेत्रे पाहते : स्वतःची काळजी, म्हणजे आंघोळ, कपडे, जेवण; परस्परसंबंध, म्हणजे इतरांशी वागणे आणि नाती टिकवणे; संवाद आणि आकलन; आणि काम, ज्यात नोकरी, शेती, घरकाम किंवा शिक्षण यांपैकी जे लागू असेल ते धरले जाते. प्रत्येक क्षेत्राला शून्य ते चार असे गुण मिळतात, त्यांच्या बेरजेत आजाराच्या कालावधीचे एक ते चार गुण मिळवले जातात आणि वीसपैकी जो आकडा येतो त्यावरून टक्केवारीची श्रेणी ठरते. एक ते सहा गुण म्हणजे चाळीस टक्क्यांहून कमी, सात ते तेरा म्हणजे चाळीस ते सत्तर, चौदा ते एकोणीस म्हणजे एकाहत्तर ते नव्याण्णव आणि वीस म्हणजे शंभर टक्के.

सहा आणि सात यांच्यामधल्या एका गुणावर किती अवलंबून असते हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या तरुणाला स्वतःची काळजी, परस्परसंबंध आणि संवाद या तीन क्षेत्रांत प्रत्येकी एक आणि कामात दोन गुण मिळाले, तर बेरीज पाच होते. आजाराला दोन वर्षे पुरी झाली नसतील तर कालावधीचा एक गुण मिळून एकूण सहा होतात आणि तो चाळीस टक्क्यांखाली राहतो; आजार दोन ते पाच वर्षांचा असेल तर दोन गुण मिळून सात होतात आणि तो पात्र ठरतो; सहा ते दहा वर्षांना तीन आणि त्याहून जुन्या आजाराला चार गुण आहेत. म्हणजे त्या तरुणाची प्रकृती, त्याचे वागणे आणि त्याच्या घरच्यांचे हाल यांत तसूभर फरक नसताना केवळ आजार केव्हा सुरू झाला या एका नोंदीवर निर्णय फिरतो.

नाशिकसारख्या जिल्ह्यात याच नोंदीची सर्वाधिक पंचाईत होते. जिल्ह्यात शासकीय मनोरुग्णालय नाही. राज्यातील अशी चार प्रादेशिक रुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. आजाराची पहिली काही वर्षे भगताकडे, देवस्थानी, कधी दर्ग्यावर आणि कधी गावच्या डॉक्टरकडे झोपेच्या गोळ्या घेण्यात जातात, आणि मनोविकारतज्ज्ञाचा पहिला केसपेपर निघतो तो आजार पुरता मुरल्यावर. बोर्डापुढे तोच केसपेपर येत असल्याने आजाराची सुरुवातही त्याच तारखेपासून धरली जाण्याचा धोका असतो. पण मोजपट्टी आजाराचा कालावधी विचारते, उपचाराचा नव्हे. त्यामुळे शाळा मध्येच सुटल्याचा दाखला, कारखान्यातून गैरहजेरीमुळे कमी केल्याचे पत्र, जुन्या खासगी दवाखान्याची पिवळी पडलेली चिठ्ठी, पोलीस ठाण्यातील बेपत्ता झाल्याची नोंद, आशा कार्यकर्तीची नोंदवही, यांपैकी जे हाती लागेल ते आणि त्यासोबत कुटुंबीयांचे शपथपत्र जोडून आजाराची खरी सुरुवात दाखवता येते आणि दाखवावी. अपिलात बाकी काही न बदलता एवढे एकच सिद्ध झाले तरी अनेकांचा सहाचा सात होऊ शकतो.

दुसरी चूक कामाच्या रकान्यात होते, आणि ती अधिक सूक्ष्म आहे. निफाड-दिंडोरी पट्ट्यातील द्राक्षशेतीचे उदाहरण घ्यावे. मुलगा काय करतो, या प्रश्नावर वडील सहजपणे सांगतात की मळ्यात येतो, आणि या दोन शब्दांवर कामाच्या रकान्यात शून्य किंवा एक पडतो. प्रत्यक्षात ऑक्टोबरच्या छाटणीनंतर मजुरांची टोळी जे काम करते त्यातले त्याच्याकडून काहीच होत नाही. विरळणीला त्याला एक ओळ दिली तर तो अर्ध्यावर कात्री टाकून बांधावर बसतो, तीच ओळ आई संध्याकाळी पुरी करते, आणि बाहेरच्या कोणत्याही मळ्यात त्याला कोणी रोजावर घेत नाही. हे सर्व वडिलांना ठाऊक असते. ते हे सांगत नाहीत, कारण चारचौघांत पोटच्या पोराविषयी असे बोलणे त्यांना अवघड वाटते आणि त्याला काही येत नाही असे त्याच्यासमोर म्हटले की तो बिथरतो. बायकांच्या बाबतीत हीच गोष्ट स्वयंपाकघरात घडते : घर सांभाळते, असे सांगितले जाते आणि सासूने किंवा थोरल्या मुलीने उचललेला भार बेरजेत येत नाही. आयडियाजच्या पद्धतीत रुग्णासोबतच त्याची देखभाल करणाऱ्याकडूनही माहिती घेणे अपेक्षित आहे आणि ती माहिती रुग्णासमोर तोंडी देता येत नसेल, तर चार रकान्यांच्या क्रमाने, गेल्या काही महिन्यांतील ठोस प्रसंगांसह, एका पानावर लिहून देण्यात काहीच गैर नाही. घरच्यांच्या टेकूवर उभा असलेला माणूस पाहणाऱ्याला धडधाकट दिसतो. तो टेकू काढल्यावर काय होते हे कागदावर आले नाही, तर देखभाल जितकी चांगली तितकी टक्केवारी कमी, असा उफराटा न्याय होतो.

मानसिक आजाराचे चढउतार हा तिसरा प्रश्न. बोर्डाचा वार ठरलेला असतो आणि त्या दिवशी रुग्ण गोळ्यांच्या अमलाखाली शांत, दाढी केलेला आणि इस्त्रीच्या कपड्यांत हजर असतो. प्रतिष्ठेपायी घरच्यांनीच त्याला तसा तयार केलेला असतो, आणि त्यात त्यांना दोष देणे क्रूरपणाचे होईल. म्हणून त्या दिवसाचे दर्शन हा पुरावा असला तरी संपूर्ण पुरावा नव्हे. रुग्णालयात भरती झाल्याचे डिस्चार्ज कार्ड, आजार उसळल्याच्या तारखा आणि उपचार करणाऱ्या तज्ज्ञाचा अहवाल यांचेही वजन असायला हवे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २५ने रुग्णाला स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मिळवण्याचा हक्क दिला आहे, आणि तो अपिलापूर्वी वापरणे शहाणपणाचे आहे.

बोर्डाने चाळीसपेक्षा कमी टक्के दिले किंवा प्रमाणपत्रच नाकारले तर पुढे काय, याचे उत्तर दोन ठिकाणी आहे. पहिले २०१७च्या केंद्रीय नियमांत : अर्जदार प्रमाणपत्रास अपात्र आढळला तर वैद्यकीय प्राधिकाऱ्याने त्याला तसे लेखी आणि कारणांसह कळवले पाहिजे, त्यासाठी मूळ नियमांत एक महिन्याची मुदत होती, ती ऑक्टोबर २०२४च्या दुरुस्तीने तीन महिन्यांपर्यंत वाढवण्यात आली. दुसरे अधिनियमाच्या कलम ५९ मध्ये : प्रमाणित करणाऱ्या प्राधिकाऱ्याच्या निर्णयाने नाराज झालेल्या कोणाही व्यक्तीला राज्य शासनाने नेमलेल्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे, राज्याने ठरवलेल्या मुदतीत आणि रीतीने, अपील करता येते. येथे एक भ्रम दूर करणे गरजेचे आहे. हल्ली स्वावलंबन संकेतस्थळावरून अर्ज केल्यावर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, मिळते आणि ते चाळीस टक्क्यांखालच्यांनाही पांढऱ्या रंगाचे मिळते. चाळीस ते ऐंशीच्या आतल्यांना पिवळे आणि ऐंशी व त्यावरच्यांना निळे. घरी पांढरे कार्ड आले की काम झाले असे समजून कुटुंब स्वस्थ बसते आणि तहसीलातून नकार येईपर्यंत अपिलाचे दिवस निघून जातात.

बोर्डाने कारणे दिलीच नाहीत, नुसता आकडा लिहिला, तर ती उणीव हेच अपिलाचे पहिले आणि सर्वांत भक्कम कारण ठरते. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ प्रमाणे प्रशासकीय आणि अर्धन्यायिक निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना कळवणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्यच आहे, म्हणून आयडियाजच्या गुणतक्त्याची प्रत, म्हणजे प्रत्येक रकान्यात किती गुण पडले आणि कालावधी किती धरला याचा कागद, रुग्णाच्या नावाने साध्या अर्जाने मागावा. हा तक्ता हाती असला की अपील दोन पानांत मावते. तो नसला तर दहा पाने लिहूनही ते विनवणीच राहते.

सर्वोच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर सैनिकांच्या प्रकरणांत जे म्हटले आहे ते देवळाली आणि नाशिकरोड कॅम्पच्या तोफखान्याशी पिढ्यान्‌पिढ्या नाते असलेल्या या जिल्ह्याला परके वाटू नये. वीरपाल सिंग या सैनिकाला १९७७ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या निदानावरून सेवामुक्त करण्यात आले आणि आजाराचा सेवेशी संबंध नाही असे वैद्यकीय मंडळाने म्हटल्याने त्याचे अपंगत्व निवृत्तिवेतन नाकारले गेले. २०१३ मध्ये न्यायालयाने मंडळाच्या मताला कारणांचा आधार नसल्याचे दाखवून फेरतपासणी मंडळ नेमण्याचा आदेश दिला; तज्ज्ञांच्या मताचा आदर करावा, पण ते मत न्यायालयाच्या छाननीपलीकडचे नाही, हा त्या निकालाचा गाभा होता. मे २०२५ मध्ये राजुमोन टी. एम. या प्रकरणात, जेथे निदान पुन्हा स्किझोफ्रेनियाचेच होते, कारणे न देणाऱ्या मंडळाच्या अहवालावर विसंबून लाभ नाकारता येणार नाहीत हे न्यायालयाने आणखी स्पष्ट केले. ही प्रकरणे सैनिकी नियमांखालची असून नागरी प्रमाणपत्राला ती जशीच्या तशी लागू होत नाहीत हे खरे, परंतु कारणे देण्याचे तत्त्व गणवेशापुरते मर्यादित नाही. महाराष्ट्रातील ओंकार गोंड या वैद्यकीय प्रवेशेच्छू विद्यार्थ्याच्या प्रकरणात १५ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयाने नागरी मंडळांनाही तेच बजावले : नुसती टक्केवारी पुरेशी नाही, नकार द्यायचा तर मंडळाने कारणे नोंदवली पाहिजेत. गंमत अशी की त्या विद्यार्थ्याला आकडा कमी पडला नव्हता, जास्त झाला म्हणून त्याचा प्रवेश अडला होता.

विलायतेतही याच प्रश्नाने वेगळे रूप घेतले. तेथील दिव्यांग भत्त्याच्या नियमांत २०१७ मध्ये अशी दुरुस्ती झाली की मानसिक त्रासामुळे घराबाहेर एकट्याने पडू न शकणाऱ्यांना प्रवासाच्या रकान्यातील वरचे गुण मिळू नयेत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने ही दुरुस्ती मानसिक रुग्णांशी भेदभाव करणारी म्हणून रद्द ठरवली आणि सरकारने त्याविरुद्ध अपील न करता जुनी प्रकरणे पुन्हा तपासायला घेतली. श्रीमंत देशाच्या गुणतक्त्यालाही न दिसणारा आजार दिसत नाही, एवढे यावरून घ्यावे.

आपल्याकडे रकमेचा प्रश्न वेगळाच आहे. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेला दारिद्र्यरेषेखालील कुटुंब आणि ऐंशी टक्के दिव्यांगत्व लागते, आणि केंद्राचा वाटा महिन्याला ३०० रुपये आहे. आयडियाजवर ऐंशी टक्के गाठायचे तर माणूस जवळजवळ सर्वच क्षेत्रांत कोलमडलेला असावा लागतो, म्हणून मानसिक रुग्णांसाठी ही योजना बरीचशी कागदावरच राहते आणि त्यांचा खरा आधार म्हणजे चाळीस टक्क्यांची संजय गांधी योजना. तिचे अनुदान २०२३ मध्ये १,५०० रुपये झाले आणि दिव्यांग लाभार्थ्यांसाठी २०२५ मध्ये ते २,५०० रुपयांवर नेण्यात आले. एवढ्या रकमेत एका माणसाच्या गोळ्या आणि तालुक्याच्या फेऱ्या भागतात. म्हणूनच ती मिळणे न मिळणे हे औषध चालू राहणे न राहणे यावर थेट परिणाम करते.

२०२४ मध्ये एका परिविक्षाधीन सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून उठलेल्या वादळानंतर आणि राज्यभर चालू झालेल्या फेरतपासण्यांनंतर बोर्डांचा हात आखडता झाला असेल तर ते समजण्यासारखे आहे, आणि खोट्या प्रमाणपत्राला कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे तीही योग्यच. पण खोटेपणा शोधण्याच्या भरात ज्याचे व्यंग डोळ्यांना दिसत नाही त्याच्यावरच संशयाची पहिली नजर जाते, हे या आजाराच्या बाबतीत विशेष लक्षात ठेवावे लागते. कारणांची लेखी नोंद भामट्याला जितकी अडचणीची तितकीच खऱ्या रुग्णाला सोयीची असते, आणि प्रामाणिक डॉक्टरलाही तिचेच संरक्षण मिळते.

अपिलाचा खर्च हा अडसर मानू नये. विधि सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे दिव्यांग व्यक्ती मोफत विधी साहाय्यास पात्र आहे, आणि नाशिक जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे त्यासाठी अर्ज करता येतो. अपिलातही न्याय न मिळाल्यास पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. त्यांची शिफारस संबंधित प्राधिकरणाला मान्य नसेल तर तीन महिन्यांत कारणे कळवावी लागतात. शेवटचा मार्ग मुंबई उच्च न्यायालयातील रिट याचिकेचा, आणि तेथेही वैद्यकीय निष्कर्षापेक्षा कारणांच्या अभावावरच न्यायालय अधिक लवकर हात घालते.

एक प्रश्न मात्र या सर्व कलमांना पुरून उरतो. ज्याच्यासाठी हे अपील करायचे तोच माणूस पुष्कळदा म्हणतो की आपल्याला काही झालेले नाही, आणि आजाराची जाणीव नसणे हे स्किझोफ्रेनियासारख्या आजाराचे एक लक्षणच आहे. नियमांनी अर्ज करण्यास असमर्थ असलेल्या व्यक्तीच्या वतीने पालकाला किंवा नोंदणीकृत संस्थेला अर्ज करू दिला आहे, तर २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रत्येकाची निर्णयक्षमता गृहीत धरली आहे, आणि दिव्यांग कायद्याने पालकत्वसुद्धा मर्यादित, म्हणजे त्या व्यक्तीशी विचारविनिमय करूनच निर्णय घेण्याचे, ठेवले आहे. प्रमाणपत्र निघाले की मत, मालमत्ता किंवा लग्न गेले, ही गावोगावची भीती पहिल्या दोन बाबतींत निराधार आहे, कारण दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र म्हणजे न्यायालयाने ठरवलेले मनोविकल असणे नव्हे. तिसरीच्या बाबतीत कायद्यापेक्षा समाज अधिक आडवा येतो, आणि मुलीच्या लग्नाआधी भावाचे प्रमाणपत्र काढायचे नाही असे ठरवणारी घरे याच जिल्ह्यात आहेत. अशा वेळी घाईने त्याची सही घेण्यापेक्षा उपचार करणाऱ्या डॉक्टरने, आजार निवळलेला असताना, अनुदान म्हणजे काय आणि ते कोणाच्या खात्यात जमा होईल हे त्याला नीट समजावून सांगणे अधिक उपयोगी पडते. पैसे स्वतःच्या खात्यात येणार हे कळल्यावर होकार मिळण्याची शक्यता वाढते. मुदतीचे प्रमाणपत्र असेल तर ती मुदत सरल्यावर हीच समजूत पुन्हा घालावी लागते, पुन्हा बोर्डाचा वार धरावा लागतो, आणि मागील खेपेचा गुणतक्ता जपून ठेवलेला असेल तर नव्या मंडळाला कोणत्या रकान्यातले गुण का बदलले याचे उत्तर देणे भाग पडते.